पिवळ्या माळावरचा पाया

आर्डलिन, मार्चअखेर

प्रिय ईवर,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, कुत्रा माझ्याहून धडधाकट आहे, आणि परवाच्या वादळात कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर उडालं तेवढं सोडलं तर सगळं जागच्या जागी आहे. दर शनिवारी फोनवर बोलतो तरी हा म्हातारा पत्र कशाला लिहितोय, असं तुझ्या मनात येईल. सांगतो. फोनवर आपलं ठरून गेलेलं असतं. मी इथला वारा सांगायचा, तू कॅल्गरीतला बर्फ सांगायचा, मधे मुली येऊन 'हॅलो आजोबा' म्हणून पळायच्या, आणि शेवटी तू म्हणायचं, पुढच्या उन्हाळ्यात नक्की. मी म्हणतो, बरं. मला जे सांगायचंय ते या 'बरं'च्या अलीकडे कुठे बसतच नाही. म्हणून कागद घेतला.

आधी गावची बातमी. धक्क्यामागे कॅरॅव्हॅनमध्ये राहणारं ते फाइफकडचं कुटुंब तुला मी सांगितलं होतं बघ, स्ट्रुआन आणि त्याची बायको कर्स्टीन. तो खाडीतल्या सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला आहे. तीन पोरं आहेत, सगळी लाल केसांची, सगळी कायम भिजलेली. आता आपल्या शाळेत एकूण मुलं किती उरलीत हे तुला सांगायला मला लाज वाटते, पण त्यातली निम्म्याहून जास्त या एका कॅरॅव्हॅनमधून येतात. वरून कळवून झालंय की आणखी मुलं कमी झाली तर शाळेला कुलूप. आणि कर्स्टीननं स्पष्ट सांगितलंय की चौथा हिवाळा ती त्या पत्र्याच्या डब्यात काढणार नाही. तिचं काय चुकलं? आत भिंतींना ओल येते, अंथरुणं सकाळी पिळून काढावी लागतात. भाड्याचं घर मिळेल म्हणशील तर आपल्या वाडीत रिकामी घरं भरपूर आहेत, पण ती सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांची. ती वर्षातले पंधरा दिवस उघडतात आणि उरलेलं वर्ष किल्ली आमच्याकडे. उन्हाळ्याआधी घराची खात्री मिळाली नाही तर शाळेचं वर्ष संपताच हे कुटुंब निघणार, आणि त्यांच्यामागे शाळा.

तर एक घरबांधणी संस्था पुढे आली. सहा घरं बांधतो, फक्त इथं राहणाऱ्यांना भाड्यानं देतो, म्हणाली. जागा त्यांनी निवडली पाद्रीबाबांच्या जुन्या घराखालचं ओलं शेत. त्यावर बोलायला हॉलमध्ये सभा झाली. मला वाटलं होतं, नियोजन खात्याचा कुणीतरी उंटावरून शेळ्या हाकणारा येईल, पण आली एक तरुण मुलगी, गमबूट घालून, गुडघ्यापर्यंत चिखल. सभेआधी एकटीच शेत तुडवून आली होती. मला तिथेच ती आवडली.

पहिल्या उठल्या हॉलिसबाई. पाद्रीबाबांचं घर विकत घेतलेल्या इंग्लंडकडच्या बाई, तुझ्या आईला लिंबाचा मुरंबा आणून द्यायच्या त्याच. त्या म्हणाल्या, मी आयुष्यभराची पुंजी घालून ही खिडकी विकत घेतली, आता तिच्यासमोर सहा धुराडी येणार का? त्या मुलीनं शांतपणे सांगितलं की बाई, कुणाच्या खिडकीतून काय दिसतं हा नियोजनात हरकतीचा मुद्दाच होत नाही, कायदा तसं मानत नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "मग नवरा दिसतो तो तरी हरकतीत धरा!" हॉल हसून हसून पडला. हॉलिसबाईही हसल्या, पण खाली बसल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले.

मग मी उठलो. आता तू म्हणशील, बाबा उठले म्हणजे झालंच. अरे, पण त्या शेताचं मला सांगावंच लागलं. माझ्या वडिलांच्या वेळी त्या शेतानं नांगरासकट घोडा गिळला होता. घोडा काढला, नांगर अजून खाली आहे. मी म्हटलं, तिथे घरं बांधाल तर दारापाशी होडी बांधायला खुंटाही ठोका. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी खूश होऊन बसायला गेलो, तर ती मुलगी म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. आमच्या तपासणीतही हेच निघालंय. मग आर्डलिनमध्ये दुसरी कोरडी, रस्त्यालगतची, पाण्याची सोय असलेली जागा कुठली आहे?"

जो तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. कारण जागा सगळ्यांना माहीत होत्या, ईवर.

डोलीना गावसमितीची अध्यक्ष आहे ना आता. माझ्या दोस्ताची, हेक्टरची बहीण, माझ्याबरोबर शाळेत होती, तेव्हापासून माझी चामडी सोलण्याचा ठेका तिच्याकडे आहे. ती म्हणाली, "बोल की रे फार्कर. कोरडी जागा कुणाकुणाकडे आहे ते सांग ना. सगळ्यांनी बाहेर गेलेल्या पोरांसाठी पाये घालून ठेवलेत आणि त्यात शेवाळ पोसतायत. तुझाच पिवळा माळ घे." माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणतोस! मी म्हटलं, तो माळ माझ्या मुलाचा आहे, त्याच्या नावावर आहे, आणि तो येणार आहे. आणि वर म्हटलं, तुला ना पोर ना बाळ, तुला काय कळणार? ती म्हणाली, "पोर नाही म्हणून तर डोळ्यांवर पट्टी नाही." मी टोपी खुर्चीवर टाकून तसाच बाहेर पडलो. टोपी दुसऱ्या दिवशी हेक्टरनं आणून दिली. चहा प्याला, मेंढ्यांच्या खुरांबद्दल बोलला आणि गेला.

तुला तो पायाचा दिवस आठवतो का? तुला घराची परवानगी मिळून तीन वर्षं होत आली होती, आणि तीन वर्षांत काम सुरू झालं नाही तर परवानगी मरते. मग आपल्याकडे सगळे करतात तेच आपणही केलं. तू सुट्टी काढून आलास, हेक्टरनं कुठून तरी खोदायचं यंत्र पैदा केलं, आणि तू, मी आणि तो अशा तिघांनी चर खणून काँक्रीट ओतलं. खात्याच्या माणसानं येऊन फोटो काढला, काम सुरू झालं असं मानलं गेलं, आणि परवानगी अमर झाली. तू चौथ्या दिवशी विमानात बसलास. तुझ्या आईनं त्या दिवशी सगळ्यांना मटणाचं सूप वाढलं, पण माळावर काही ती आली नाही. मी चिडलो होतो तिच्यावर. एवढा मुलाच्या घराचा पाया घातला आणि ही बाई बघायलाही येत नाही म्हणजे काय!

नंतर मी तिथे काय काय केलं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. पाण्याची नळी रस्त्यापासून आत आणली. सांडपाण्याची टाकी पुरली. विजेचा खांब हलवून घेतला, त्यासाठी वीजवाल्यांशी दोन हिवाळे भांडलो. म्हटलं, तू आलास की नुसत्या भिंती उभ्या करायच्या. आता पायाच्या आत कमरेइतकं लव्हाळं उगवलंय, आणि पश्चिमेचा वारा सुटला की मेंढ्या त्यात जाऊन बसतात. छान आडोसा होतो त्यांना. आपल्या वाडीत असे पाये बघत चाललं तर धक्क्यापासून दफनभूमीपर्यंत दर चढावर एक आहे. सिडनीच्या पोराचा, ऑकलंडच्या पोरीचा, अॅबर्डीनच्या दोघा भावांचा. आम्ही म्हातारे एकमेकांच्या घरांच्या पायांबद्दल कधी बोलत नाही. डोलीनानं बोलून दाखवलं म्हणून तर एवढा भडका उडाला.

हेक्टर गेला हे मी तुला फोनवर सांगितलं, पण कसा नेला ते नाही सांगितलं. गेला झोपेतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ईवर, या वाडीतल्या प्रत्येक माणसाला त्या माणसानं खांदा दिला होता. माझ्या वडिलांना, तुझ्या आईला, सगळ्यांना. आपली पद्धत तुला माहीत आहे. घरापासून दफनभूमीपर्यंत पेटी चालत न्यायची. दोन रांगा, पुढचे उचलतात, थोड्या अंतरावर मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर थाप मारून खांदा घेतो, सुटलेला रांगेच्या शेवटी जातो. तुझ्या आईच्या वेळी रांग एवढी लांब होती की मला दोनदाच खांदा मिळाला आणि त्याचंच मला वाईट वाटलं होतं.

हेक्टरच्या दारात आम्ही जमलो तेव्हा मी रांगेकडे पाहिलं. धड रांगच नव्हती. म्हातारे आम्ही, पाद्रीबाबा, पिंजऱ्यांवरची दोन-तीन पोरं, आणि स्ट्रुआन, तो कुणाचा तरी आखूड काळा कोट घालून आलेला. डोलीना उंबऱ्यावर उभी होती. तिनंही रांग पाहिली, आणि मान वळवून आत गेली. आम्ही उचललं. वारा समोरून. गुडघा माझा तुला माहीत आहे, मी एका फेरीत बाद झालो आणि बाजूनं लंगडत चालायला लागलो. एकेक म्हातारा असाच गळायला लागला. आणि स्ट्रुआन मात्र सुटेचना. मी बघतोय, त्याची मान लाल झालेली, कोटाची शिवण उसवलेली, तरी पठ्ठ्या चालतोय. मग माझ्या लक्षात आलं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की पाठीवर थाप पडेपर्यंत खांदा सोडायचा नाही. तो थापेची वाट बघत होता. आणि थाप मारायला त्याच्यामागे माणूसच नव्हता.

पुलापाशी आम्ही संपलो. पुढचा चढ काही कुणाच्यानं होणार नव्हता. मागून हळूहळू येणारी गाडी थांबली, तिचं मागचं दार उघडलं, आणि आम्ही हेक्टरला गाडीत ठेवला. वाडीतला पहिला माणूस जो वरपर्यंत खांद्यावर गेला नाही, आणि तो कोण, तर हेक्टर. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. स्ट्रुआन खांदा चोळत माझ्याशेजारी आला आणि अगदी आदरानं, हळू आवाजात त्यानं मला विचारलं, "पुलापासून गाडीत ठेवायची, अशी पद्धत आहे का इथली?"

मी म्हटलं, हो.

काय बोलणार होतो दुसरं? त्यानं मान डोलावली, जणू आपल्या गावचा एक रिवाज शिकला बिचारा. मला इतकी शरम आयुष्यात वाटली नाही. वर पोचेपर्यंत मी रडत होतो आणि वाऱ्यामुळे ते खपून गेलं.

त्या आठवड्यात मी स्ट्रुआनकडे गेलो, खांद्याला लावायचं मलम घेऊन. आपलं मेंढ्यांचंच, पण माणसालाही चालतं. कर्स्टीन खोकी भरत होती. म्हणाली, तो काही तुम्हाला सांगणार नाही म्हणून मी सांगते, त्याला फाइफमध्ये कारखान्यात नोकरी मिळतेय, आम्ही जूनमध्ये निघतोय. मग स्वतःच म्हणाली, "मला जायचं नाहीये हो. पोरं इथे सुखी आहेत. पण ओल्या अंथरुणात सुख किती दिवस टिकणार?" स्ट्रुआन बाहेर सोडायला आला तेव्हा एवढंच म्हणाला की हेक्टरकाकांनी मला होडी चालवायला शिकवलं होतं. हे मला माहीतच नव्हतं.

तिथून मी सरळ डोलीनाकडे गेलो. भांडणानंतर पहिल्यांदाच एकटा गेलो. तिनं दार उघडलं, मला वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, "टोपी आहे ना डोक्यावर? मग ये आत." सभेत तिला जे बोललो त्याबद्दल मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, गप बस, चहा गार होतोय. मग मी पिवळ्या माळाचं काढलं. ती मुलगी पुन्हा आली होती, गमबुटातली, आणि माझ्याबरोबर माळ फिरली होती हेही सांगितलं. जमीन कोरडी, रस्ता लगत, पाणी आणलेलं, टाकी पुरलेली, वीज दारात. मुलगी म्हणाली होती, "इतकी तयार जागा मी अख्ख्या किनाऱ्यावर पाहिली नाही. कुणासाठी केलीत एवढी?" डोलीनानं सगळं ऐकून घेतलं, मला वाटलं आता शाबासकी देईल. कसली शाबासकी! म्हणाली, "ईवरला विचारलंस? जमीन त्याच्या नावावर आहे, सही त्याची लागणार. आणि सही राहू दे, आधी त्याला विचार. विचारताना रडगाणं गाऊ नकोस, तुला सवय आहे."

अजून एक सांगायचं राहिलं. पिवळ्या माळावर घरं झाली तर ती हॉलिसबाईंच्या खिडकीच्या बरोबर मधोमध येतात, ओल्या शेतातली निदान कोपऱ्यात तरी होती. म्हणून मी स्वतःच त्यांना सांगायला गेलो, म्हटलं शिव्या खायच्या तर तोंडावर खाव्यात. त्यांनी खिडकीपाशी उभं राहून बराच वेळ माळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "फार्कर, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत या खिडकीतून मला काय दिसतं माहीत आहे? काळोख. एक दिवा दिसत नाही. माझे यजमान गेल्यापासून मी पडदे लावून बसते." आणि मला मुरंबा दिला. बायकांचं मला कधी काही कळलेलं नाही, तुझी आई म्हणायची ते खोटं नव्हतं.

नमनालाच घडाभर तेल गेलं, आता मुद्द्यावर येतो. ईवर, मला पिवळा माळ तुझ्याकडून परत हवा आहे. संस्था त्याचे रीतसर पैसे देईल ते तुझे, मुलींच्या शिक्षणाला लाव. वकिलाचे कागद तुला वेगळे येतील. सही करायची की नाही हे तू ठरव, तुझी जमीन आहे, आणि नाही म्हणालास तर मी चिडणार नाही. म्हणजे चिडेन, पण दोन दिवस. मात्र हे पत्र मी जमिनीसाठी लिहिलेलं नाही. तुझी आई आजारी असताना एकदा मला म्हणाली होती, तो तिकडे सुखी आहे, त्याच्या मानेवर तो पाया ठेवू नकोस. मी तेव्हा ऐकल्यासारखं केलं नाही. आता सांगतो. तू परत राहायला येणार नाहीस, आणि त्यात काही वाईट नाही. तुझी बायको, तुझं काम, मुलींच्या मैत्रिणी, तुझं घर तिकडे आहे. तेव्हा 'पुढच्या उन्हाळ्यात नक्की' हे आता म्हणू नकोस. मला वाईट वाटू नये म्हणून तू म्हणतोस, तुला वाईट वाटू नये म्हणून मी 'बरं' म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर दोघांनाही वाईट वाटतं, हा काय व्यवहार झाला? त्यापेक्षा मला खरं काहीतरी सांगत जा. मुली काय खातात, तू कशावर हसलास, काय बिनसलं. एक मागणं मात्र आहे. माझी वेळ येईल तेव्हा वरपर्यंत न्यायला खांदे इथे मिळतील, ती सोय मी करतोय. पण पेटी खाली सोडताना डोक्याकडची दोरी थोरल्या मुलानंच धरायची असते, ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला माझं मन तयार नाही. तेवढ्यासाठी ये. घाई नाही, सावकाश ये.

तुझाच,
बाबा